वैमानिकांची पारख : तपासणी-वैमानिकाचे कार्य व जबाबदारी

कॅसल रॉक स्थानकातून गोव्याच्या दिशेने निघालेली आगगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जोयडा तालुक्यातील त्या घाटाचे वर्णन वेगळे करून सांगण्याची आवश्यकता नाही. कुळे स्थानकापर्यंतच्या या मार्गावर उताराचे प्रमाण ३७ मीटर अंतरास १ मीटर इतके आहे. रेल्वेच्या दृष्टीने हा उतार अतिशय तीव्र समजला जातो. चढणीस जादा इंजिने लावावी लागतात, तर उतरणीस ब्रेकची खात्री करून घेतल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. या घाटात गाडी नेणारा चालक नवखा नसतो. तरीही मार्गाची नीट ओळख झाल्याशिवाय त्याच्याकडे स्वतंत्रपणे गाडी सोपविली जात नाही, आणि पुढेही निरीक्षक अधूनमधून त्याच्या शेजारी उभा राहून त्याचे काम पाहतो. चालकाला गाडी चालविता येते, हे त्या निरीक्षकास ठाऊकच असते. या घाटात, आजच्या पावसात, या डब्यांसह तो ती कशी चालवितो, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

जोयडा तालुक्यात विमानतळ नाही. येथील प्रवासी गोव्यातील दाभोळी अथवा मोपा, बेळगावजवळील सांबरे किंवा हुबळी येथून विमान पकडतो. ते विमान धावपट्टीकडे ज्या वाटेने उतरते, त्या वाटेचा कोन सर्वसाधारणपणे ३ अंशांचा असतो. हिशेब केल्यास हा उतार १९ मीटरला सुमारे १ मीटर, म्हणजे कॅसल रॉकच्या घाटाच्या जवळजवळ दुप्पट तीव्र ठरतो. मोठ्या प्रवासी विमानाचा वेग त्या वेळी ताशी सुमारे २४० किलोमीटर असतो. या घाटाला रूळ नसतात आणि मध्येच थांबण्याची सोय नसते. अशा वाटेवरून दीडदोनशे माणसांना दररोज खाली आणणाऱ्या वैमानिकाची पारख कोण करतो, कशी करतो, आणि पारख करणाऱ्याचीही पारख होते किंवा नाही, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

परवाना मिळाल्यानंतर

वकील किंवा शिक्षक एकदा पदवी प्राप्त झाल्यावर आयुष्यभर आपल्या व्यवसायास पात्र समजला जातो. वैमानिकाचे तसे नाही. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वैमानिकांना परवाने देते. प्रवासी विमानाचा प्रमुख, म्हणजे कमांडर, होण्यासाठी जो वरिष्ठ परवाना लागतो, त्याकरिता किमान १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक असतो. त्याशिवाय प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण व वेगळी नोंद लागते. बोइंग चालविणारा वैमानिक केवळ अनुभवाच्या बळावर एअरबसच्या आसनात बसू शकत नाही.

एवढे झाल्यावरही परीक्षा संपत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार प्रवासी विमानाच्या वैमानिकाची कार्यकुशलता वर्षातून दोन वेळा तपासली गेली पाहिजे. या दोन तपासण्या एकमेकींच्या फार जवळ उरकून घेऊन भागत नाही; सारख्याच स्वरूपाच्या दोन तपासण्या चार महिन्यांच्या आत झाल्या, तर तेवढ्याने नियमाची पूर्तता होत नाही. याखेरीज प्रत्यक्ष प्रवासी मार्गावरील तपासणी वेगळी, आणि ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी वेगळी. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत प्रवासी विमान चालविणाऱ्या वैमानिकाने आपल्या कारकिर्दीत किती वेळा परीक्षेस बसावे लागते, याचा अंदाज यावरून येईल.

या तपासण्या घेणारा मनुष्य बहुधा त्याच कंपनीतील एक अनुभवी कमांडर असतो. कंपनी त्याचे नाव सुचविते आणि महासंचालनालय त्याची पात्रता पाहून मान्यता देते. अशा वैमानिकास आपल्याकडे ‘चेक पायलट’, म्हणजे तपासणी-वैमानिक, म्हणण्याचा प्रघात होता. पुढे प्रशिक्षक, परीक्षक, मार्ग-प्रशिक्षक अशी कामांची अधिक काटेकोर विभागणी झाली आणि पदनामेही बदलली. परंतु कामाचे मूळ स्वरूप तेच राहिले. महासंचालनालयाचे स्वतःचे उड्डाण-निरीक्षकही असतात आणि ते परीक्षकांच्या कामावर देखरेख ठेवतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तपासणी-वैमानिक आज ज्याची परीक्षा घेतो, त्याच्याच शेजारी तो पुढच्या आठवड्यात सहकारी म्हणून बसू शकतो. दोघांचा पगार एकाच संस्थेतून होतो, पण परीक्षा घेताना मात्र तो शासनाच्या वतीने निर्णय देत असतो. ही दुहेरी निष्ठा सांभाळणे हा त्याच्या कामाचा पहिला कठीण भाग होय.

सिम्युलेटरमधील परीक्षा

सहामाही तपासणीचा मोठा भाग आता सिम्युलेटरमध्ये होतो. सहा पायांवर हलणारी ही बंदिस्त खोली बाहेरून एखाद्या पेटाऱ्यासारखी दिसते. आत मात्र विमानाच्या वैमानिक-कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असते. खिडकीबाहेर धावपट्टी, ढग, पाऊस, रात्रीचे दिवे दिसतात. विमान हिंदकळते, तशी खोलीही हिंदकळते. परीक्षक मागे बसून एका फलकावरून हवे ते संकट निर्माण करू शकतो.

उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर एका विशिष्ट वेगानंतर विमान थांबविणे सुरक्षित नसते. नेमक्या त्या क्षणी एक इंजिन बंद पाडणे, हा या परीक्षेतील नित्याचा प्रश्न आहे. वैमानिकाने विमान सरळ ठेवावे, एकाच इंजिनावर ते उचलावे, ठरलेली कामे ठरलेल्या क्रमाने करावीत आणि सुरक्षित परत उतरावे, अशी अपेक्षा असते. याशिवाय इंजिनास आग, कक्षातील हवेचा दाब अकस्मात कमी होणे, वाऱ्याचा झोत एकाएकी बदलणे, धावपट्टी दिसत नसताना यंत्रांच्या आधारे खाली येणे, सहवैमानिक बेशुद्ध पडणे, असे प्रसंगही उभे केले जातात.

एखादे यंत्रच खोटे दाखवू लागल्यास काय करावे, हाही या परीक्षेचा भाग असतो. मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची ती रात्र आठवत असेल. त्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून उडाले आणि अल्पावधीतच वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण प्राणास मुकले. विमानाचा कल दाखविणारे कमांडरसमोरील यंत्र बिघडले होते आणि अंधारात समुद्रावर नजरेस दुसरा आधार नव्हता. इतर यंत्रांशी पडताळा वेळीच न झाल्याने सरळ असलेले विमान कलंडविले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. असे प्रसंग खऱ्या विमानात घडवून पाहता येत नाहीत. सिम्युलेटरमध्ये ते घडविता येतात, चूक पूर्ण होऊ देता येते, आणि मग तीच वेळ पुन्हा आणून चूक सुधारताही येते.

अचूकतेची मापेही ठरलेली असतात. युरोपातील नियमांचे उदाहरण घेतल्यास, सर्व इंजिने चालू असताना उंचीत १०० फूट, दिशेत ५ अंश व वेगात ५ नॉट यांपलीकडे सर्वसाधारणपणे फरक पडता कामा नये. मात्र हवा अशांत असल्यास तेवढी सवलत परीक्षकाने ध्यानी घ्यावी, असेही अपेक्षित असते. म्हणजे मोजपट्टी दिली तरी विवेकाची गरज राहतेच.

प्रत्यक्ष मार्गावरील तपासणी

दुसरी तपासणी खऱ्या विमानात, खऱ्या प्रवाशांसह होते. येथे परीक्षक कोणतेही संकट निर्माण करीत नाही. रोजचे काम रोज कसे होते, हे तो पाहतो. हवामानाची माहिती वाचली गेली काय, इंधनाचा निर्णय कशाच्या आधारे झाला, यादी वाचताना डोळे खरोखरच त्या त्या कळीकडे गेले की केवळ ओठ हलले, सहवैमानिकाने शंका काढली तेव्हा ती ऐकली गेली काय, अशा बारीकसारीक गोष्टींतून वैमानिकाची सवय कळते, आणि संकटाच्या वेळी मनुष्य सवयीच्याच आधाराने वागतो.

ही तपासणी दोन प्रकारे होऊ शकते. कधी परीक्षक मागील निरीक्षकाच्या आसनावर बसतो आणि विमान चालविण्याचे काम पुढील दोघे वैमानिक करतात. कधी मात्र तो स्वतःच पुढील दोन आसनांपैकी एकावर असतो. नव्या कमांडरची तपासणी होत असताना उमेदवार डाव्या, म्हणजे कमांडरच्या, आसनावर बसतो आणि तपासणी-वैमानिक उजव्या आसनावर. या दुसऱ्या प्रकारात परीक्षकाकडे तीन कामे एकत्र येतात. त्याला सहवैमानिकाचे काम करावे लागते, उमेदवाराचे मूल्यमापन करावे लागते, आणि विमानाची अंतिम जबाबदारीही त्याच्यावरच असते. ही तिन्ही कामे नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही. चांगला परीक्षक उमेदवारास स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची संधी देतो. चांगला सहवैमानिक मात्र चूक दिसताक्षणी बोलतो. या दोन कर्तव्यांमधील अंतर काही सेकंदांचेच असते. पण त्या सेकंदांचे मोल किती असू शकते, हे आपल्याच राज्यात घडलेल्या एका घटनेने दाखवून दिले.

बेंगळूर, १४ फेब्रुवारी १९९०

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक ६०५ दुपारी मुंबईहून बेंगळूरला येत होते. विमान एअरबस ए-३२० जातीचे, अगदी नवे, काही आठवड्यांपूर्वीच ताफ्यात दाखल झालेले. विमानात १४६ जण होते. डाव्या आसनावर कॅप्टन फर्नांडिस होते. या विमानाचे कमांडर होण्यासाठी आवश्यक असलेल्या दहा मार्ग-तपासण्यांपैकी त्यांची ही पहिलीच तपासणी होती. उजव्या आसनावर तपासणी-वैमानिक कॅप्टन गोपुजकर होते. दोघांनाही नऊ-दहा हजार तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. परंतु या नव्या जातीच्या विमानावरील अनुभव एकाचा ७० तासांच्या आत, तर दुसऱ्याचा अडीचशे तासांच्या आसपास होता. हवा स्वच्छ होती, दिवसाचा लख्ख उजेड होता आणि धावपट्टी समोर दिसत होती.

ए-३२० मध्ये इंजिनांचा जोर संगणकाच्या साहाय्याने नियंत्रित होतो आणि त्यासाठी निरनिराळे प्रकार निवडता येतात. त्यांपैकी एका प्रकारात इंजिने किमान जोरावर राहतात आणि विमान उंची खर्च करून आपला वेग टिकविते. उंचावरून खाली येताना ही सोय उपयोगी पडते. धावपट्टीजवळच्या अखेरच्या टप्प्यात मात्र ती धोकादायक ठरते. तेथे विमान ठरलेल्या उतारावर धरून ठेवण्यासाठी नाक वर उचलले, तर इंजिनांचा आधार नसल्यामुळे वेग घटत जातो. त्या दिवशी नेमके हेच घडले. विमान या प्रकारात कसे गेले, हे चौकशीत निश्चित होऊ शकले नाही. उतरण्याचा दर ठरविणारी कळ फिरविण्याऐवजी शेजारची उंची ठरविणारी कळ फिरविली गेली असावी, ही एक शक्यता मांडली गेली.

हे तपासणी-वैमानिकाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. विमान इतका वेळ किमान जोराच्या प्रकारात उतरत आहे, हे त्यांनी बोलूनही दाखविले. त्यावर मार्गदर्शक दर्शके बंद करण्याविषयी दोघांत संभाषण झाले. त्यांपैकी एक बंद झाले, दुसरे चालूच राहिले. दोन्ही बंद झाली असती, तर वेग राखण्याचा प्रकार आपोआप लागू झाला असता. दरम्यान विमानातील यंत्र उंची मोठ्याने सांगत होते : चारशे फूट, तीनशे फूट, दोनशे फूट. आवश्यक वेग १३२ नॉट असताना तो १०६ नॉटपर्यंत खाली आला. इंजिनांचा जोर वाढविणारे दांडे पुढे ढकलले गेले, तेव्हा फार उशीर झाला होता. जेट इंजिनास किमान जोरावरून पूर्ण जोरावर येण्यास काही सेकंद लागतात, आणि तेवढेच सेकंद उरलेले नव्हते. विमान धावपट्टीच्या सुमारे ७०० मीटर अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले आणि मैदानाच्या कडेच्या बांधावर आदळून पेटले. दोन्ही वैमानिकांसह ९२ जणांचा मृत्यू झाला.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या अध्यक्षतेखाली या अपघाताची चौकशी झाली. विमान किमान जोराच्या प्रकारात आहे हे माहीत असूनही, आणि उंचीच्या सूचना ऐकू येत असूनही, परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही आणि त्यांनी इंजिनांचा जोर तात्काळ वाढविला नाही, असा निष्कर्ष निघाला. अपघातानंतर ए-३२० विमानांचा हा सर्व ताफा काही काळ जमिनीवर उभा ठेवण्यात आला होता.

मृतांना दोष देण्याच्या हेतूने हा प्रसंग येथे सांगितलेला नाही. दोघेही अनुभवी होते आणि यंत्र दोघांनाही तुलनेने नवे होते. तपासणीच्या दृष्टीने यातील बोध असा, की त्या अखेरच्या मिनिटात कक्षात दोष ओळखला गेला होता, पण त्यावर कृती करणारा कोणी नव्हता. उमेदवारास वाटते की शेजारी परीक्षक आहे, काही बिघडलेच तर तो सांगेल. परीक्षकास वाटते की विमान उमेदवाराच्या हाती आहे, सूचना केली आहे, तो दुरुस्त करील. ज्या कक्षात दोन कमांडर बसलेले असतात, तेथे कधीकधी एकही कमांडर नसतो. हा धोका तेव्हापासून प्रशिक्षणाच्या वर्गांतून आवर्जून सांगितला जातो.

परीक्षकाचा दरारा

परीक्षकाच्या अधिकाराचा दुसराही एक परिणाम होतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर धुक्यामध्ये दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. हवाई वाहतुकीच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा अपघात होय. त्यांपैकी डच विमानाचे कमांडर आपल्या कंपनीत जंबो विमानाच्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची याच विमानावरील पात्रता-परीक्षा सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. नियंत्रकाची परवानगी मिळण्यापूर्वीच विमान धावू लागले. दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे काय, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कमांडरने ठाम उत्तर दिले आणि शंका तेथेच मिटली.

जो मनुष्य आपल्याला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण करतो, त्याला अडविणे किती अवघड असते, हे यावरून कळते. शिवाय सिम्युलेटरमध्ये दीर्घकाळ परीक्षा घेणाऱ्याची सवयही बदलू शकते. तेथे नियंत्रकाची भूमिका परीक्षकच वठवितो आणि परवानगीसाठी ताटकळत थांबावे लागत नाही. अपघाताच्या चौकशीत या बाबीचीही दखल घेतली गेली. म्हणूनच परीक्षकाने स्वतः नियमितपणे प्रवासी मार्गावर विमान चालविले पाहिजे आणि स्वतःही तपासणीस सामोरे गेले पाहिजे, या दंडकाचे महत्त्व आहे.

टेनेरीफनंतर जगभर वैमानिक-कक्षातील परस्पर सहकार्याच्या प्रशिक्षणास चालना मिळाली. तरी हा धडा एकदा शिकून संपत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जण दगावले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे दिसून आले, की विमान फार उंचावरून आणि अयोग्य रीतीने उतरत होते. उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर न्यावे, असे सहवैमानिकाने तीन वेळा सुचविले होते. हाताचे कौशल्य त्या कक्षात कमी नव्हते. एकाने सांगितलेले दुसऱ्याने ऐकणे, एवढेच कमी पडले.

आता काय तपासले जाते

या अनुभवांमुळे वैमानिकाच्या योग्यतेची व्याख्याच विस्तारत गेली. पूर्वी ठरावीक कसरती बिनचूक करून दाखविल्या म्हणजे परीक्षा संपत असे. आता आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या पद्धतीत योग्यतेचे नऊ घटक धरले जातात : ज्ञानाचा उपयोग, कार्यपद्धतीचे पालन, संवाद, स्वयंचलित यंत्रणेच्या साहाय्याने मार्गनियंत्रण, हाताने मार्गनियंत्रण, नेतृत्व व सांघिक कार्य, समस्येची उकल व निर्णय, परिस्थितीचे भान आणि कामाच्या भाराचे नियोजन. यांपैकी विमान हाताळण्याशी थेट संबंध असलेले घटक दोनच आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रत्येक घटकासाठी परीक्षकाने नजरेस पडलेल्या वर्तनाची नोंद करावी, अशी अपेक्षा असते. ‘वैमानिकाचा आत्मविश्वास कमी आहे’ हा शेरा निरुपयोगी होय. ‘इंजिन बंद पडल्यावर यादी मागविण्यापूर्वीच कळीस हात घातला, सहवैमानिकाने थांबविल्यावर थांबला’ ही नोंद उपयोगी होय. पहिल्या शेऱ्याने मनुष्य दुखावतो, दुसऱ्या नोंदीवरून त्याला काय सुधारावयाचे हे समजते.

तपासणी संपल्यावर जी चर्चा होते, तिला परीक्षेइतकेच महत्त्व आहे. कुशल परीक्षक आरंभी स्वतःचे मत सांगत नाही. काय घडले, ते का घडले, पुन्हा वेळ आल्यास काय कराल, असे प्रश्न विचारून तो उमेदवारालाच बोलते करतो. अनेकदा उमेदवार परीक्षकाच्या ध्यानात न आलेली चूकही स्वतःहून सांगतो. निकाल असमाधानकारक असल्यास त्यास कामावरून काही काळ दूर ठेवून प्रशिक्षण देण्यात येते व पुन्हा तपासले जाते. हा निर्णय सहकाऱ्याच्या तोंडावर सांगणे कोणासही प्रिय नसते. पण तो न सांगितल्यास त्याची किंमत तपासणीच्या कागदावर ज्यांचे नावही नाही, अशा प्रवाशांना मोजावी लागते.

परीक्षकाची परीक्षा

गुण देणारा मनुष्यच असल्याने त्याच्या हातूनही दोष घडतात. कोणी सढळ हाताने गुण देतो, कोणी कंजूषपणे. कोणी वाद नको म्हणून सर्वांना मधलेच गुण देऊन मोकळा होतो. पहिल्याच प्रसंगात उमेदवाराची छाप पडली की पुढच्या चुका दिसेनाशा होतात, आणि पहिलाच प्रसंग फसला तर पुढील चांगले कामही फिके वाटते. यावर उपाय म्हणून एकाच उड्डाणाचे चित्रण अनेक परीक्षकांना दाखवून त्यांच्याकडून स्वतंत्रपणे गुण मागविले जातात व तफावतीवर चर्चा केली जाते. अधूनमधून महासंचालनालयाचा निरीक्षक परीक्षा घेणाऱ्याच्या मागे बसून त्याच्या पद्धतीची तपासणी करतो. अशा वेळी उमेदवाराबरोबर परीक्षकही परीक्षेस बसलेला असतो.

बेंगळूरच्या प्रसंगातून उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तरही नियमांत शोधण्यात आले आहे. परीक्षकाने केव्हा बोलावे व केव्हा विमान स्वतःच्या हाती घ्यावे, हे त्या क्षणीच्या मनःस्थितीवर सोडून भागत नाही. ती सीमा जमिनीवरच, उड्डाणापूर्वी, दोघांनी मिळून आखावयाची असते. विमानाने उतरण्याच्या मार्गावर असताना एका ठरावीक उंचीला, सर्वसाधारणपणे ढगाळ हवेत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर, वेग, उतार, इंजिनांचा जोर व चाकांची स्थिती या सर्व बाबतींत स्थिर झालेले असले पाहिजे. तसे ते नसेल, तर उतरण्याचा प्रयत्न तेथेच सोडून पुन्हा वर जावयाचे. त्यावेळी परीक्षा आहे की नाही, उमेदवारास आणखी एक संधी द्यावी की न द्यावी, हा प्रश्नच उरत नाही. विमान हाती घेणाराही ते स्पष्ट शब्दांत सांगून घेतो आणि सोडणारा तितक्याच स्पष्ट शब्दांत सोडतो. कारण एकाच वेळी दोघांचे हात किंवा कोणाचेच हात नसणे, ही सर्वांत वाईट अवस्था होय.

आपल्यासाठी बोध

शासनाच्या विविध खात्यांत तपासणीचे काम करणारे अनेक अधिकारी या पृष्ठांचे वाचक आहेत. शाळा, दवाखाने, धान्यभांडारे, रस्ते व पूल यांची पाहणी त्यांच्याकडे असते. त्यांच्या हाती विमान नसले, तरी प्रश्न तेच आहेत. आपण आलो आहोत म्हणून समोरच्याने स्वतःची जबाबदारी आपल्यावर तर टाकलेली नाही ना? आपल्या दराऱ्यामुळे कनिष्ठाने एखादी शंका गिळली तर नाही ना? शेऱ्यामध्ये स्वभावाचे वर्णन आहे की घडलेल्या गोष्टीची नोंद? आणि पुलाला पडलेली भेग दिसल्यावर आपण अहवालाची वाट पाहणार, की त्याच क्षणी वाहतूक थांबविण्यास सांगणार? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाहणीस निघण्यापूर्वीच ठरलेले असावे, हे उत्तम.

प्रवाशांसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यात गोव्याच्या विमानतळावर उतरताना धावपट्टी नजरेच्या टप्प्यात आलेली असते, प्रवासी सामान आवरण्याच्या मनःस्थितीत असतात, आणि अकस्मात इंजिनांचा आवाज वाढून विमान पुन्हा ढगांत शिरते. कक्षातील लोक घाबरतात, काही जण वैमानिकाच्या कौशल्याविषयी शंका घेतात, आणि अर्ध्या तासाच्या उशिराबद्दल कुरकुर होते. वस्तुतः सिम्युलेटरमध्ये परीक्षकाने ज्याच्यासाठी त्यास अनेकदा घोटविले, तोच निर्णय वैमानिकाने त्या क्षणी घेतलेला असतो. अशा वैमानिकाविषयी कुरकुर करण्यापूर्वी प्रवाशाने बेंगळूरच्या त्या गोल्फ मैदानाची आठवण करावी आणि विमान दुसऱ्यांदा उतरेपर्यंत आपल्या आसनाचा पट्टा बांधून स्वस्थ बसावे.